गर्भाशय-ग्रीवा चाचणी
गर्भाशयाच्या ग्रीवेत कर्करोगापूर्वी होणारे बदल लक्षणे दिसण्याआधीच शोधण्याची तपासणी. हा रोग बहुधा अनेक वर्षांच्या पूर्वावस्थेनंतर उद्‌भवतो. त्या अवस्थेत दुखत नाही. म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

ग्रीक-अमेरिकन वैद्य जॉर्ज पापानिकोलाउ (१८८३–१९६२) यांनी योनिस्रावाच्या लेपात कर्करोगाच्या कोशिका ओळखता येतात, असे १९२८ मध्ये मांडले. त्याच सुमारास रूमानियात ऑरेल बाबेश यांनीही स्वतंत्रपणे अशीच पद्धत वर्णिली होती. दोहोंची प्रथम उपेक्षाच झाली. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह पापानिकोलाउ यांनी १९४१ मध्ये लिहिलेल्या निबंधानंतर ही परीक्षा मान्यता पावू लागली. तीस प्रयोगशाळा, कुशल निरीक्षक आणि ठराविक काळाने पुन्हा येणाऱ्या स्त्रिया लागतात. खेड्यांत या तिन्हींची वाण असते.

मानवी पॅपिलोमा विषाणूचा या रोगाशी असलेला संबंध १९८३-८४ मध्ये हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या संशोधनाने उघड झाला व विषाणूचाच शोध घेणारी चाचणी शक्य झाली. तिची मोठी कसोटी महाराष्ट्रात लागली. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया या अभ्यासात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच विषाणुचाचणी देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात ८ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. केवळ माहिती मिळालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ते ६४ होते. तुलनेसाठी या दुसऱ्या गटाला चाचणीविना ठेवणे उचित होते काय, यावर पुढे वाद झाला, आणि तो अनाठायी नव्हता.