जैन वसतिगृहांची जमेची बाजू

मंदिर, स्थानक, धर्मशाळा, पाठशाळा आणि वसतिगृह ही जैन समाजाच्या सार्वजनिक जीवनाची पाच प्रमुख अंगे होत. त्यांपैकी पहिल्या चारांचा इतिहास शिलालेखांतून, प्रतिष्ठेच्या नोंदींतून आणि भिंतीवरील दानफलकांतून वाचता येतो. वसतिगृहाचे तसे नाही. खोल्या किती बांधल्या, कोणत्या दानशूर गृहस्थाने किती रक्कम दिली, एवढेच तेथील फलक सांगतो. ज्या मुलांसाठी हा खटाटोप केला, ती मुले वळकटी आणि लोखंडी ट्रंक उचलून एक दिवस निघून जातात. पुढे त्यांच्या हातून जे घडते तोच वसतिगृहाचा खरा इतिहास. संस्थांच्या सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी या इतिहासाकडे वळून पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी येथे दोन माजी विद्यार्थ्यांचा परिचय करून दिला आहे. एक कोल्हापूरच्या वसतिगृहातील, तर दुसरे आपल्या बीड जिल्ह्यातील कड्याच्या वसतिगृहातील.

महाराष्ट्रातील जैन वसतिगृहांची चळवळ विसाव्या शतकाच्या आरंभी जोमाने सुरू झाली. १८९९ मध्ये स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. तीच पुढे दक्षिण भारत जैन सभा या नावाने प्रसिद्धीस आली. शेतकरी आणि व्यापारी जैन कुटुंबांतील मुलांना इंग्रजी शिक्षण मिळावे ही तिची तळमळ होती. त्याच काळात राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा व साहाय्य देण्याचे धोरण अंगीकारले. १९०१ मध्ये तेथे दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी अशा कार्याला उदार हस्ते साहाय्य केले. पुढे १९१५ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले, १९१८ मध्ये कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला आणि १९३४ मध्ये कुंभोजनजीक बाहुबली येथे त्याच धर्तीवरील आश्रम उभा राहिला. पंथ निराळे, प्रांत निराळे, परंतु हेतू एकच होता. खेड्यातील मुलाला शहरात राहण्यास जागा, दोन वेळचे शुद्ध भोजन आणि धर्माचे संस्कार मिळावेत.

कोल्हापूरच्या या बोर्डिंगात कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला एक विद्यार्थी दाखल झाला. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. अभ्यासात तो फारसा चमकला नाही. कुस्ती, पोहणे आणि मित्रमंडळी यांतच त्याचे मन रमे. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह उघडले गेले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असे त्यांना सांगण्यात आले. मनुष्याच्या सान्निध्याने मनुष्य विटाळतो हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी स्नानास नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले.

हा प्रसंग समाजाने झाकून ठेवू नये. जैन परंपरेत आलोचना आणि क्षमापना यांना फार मोठे स्थान आहे. संवत्सरीला प्रत्येक जण आपल्या दोषांचा उच्चार करतो. मग संस्थांनीही आपल्या दोषाचा उच्चार का करू नये? ज्या धर्माने प्रत्येक जीवात समान आत्मा पाहिला, त्या धर्माच्या नावाने चाललेल्या वसतिगृहात एका विद्यार्थ्याला समतेने वागल्याबद्दल शिक्षा झाली, ही वस्तुस्थिती आहे. त्या काळची रूढी तशी होती असे म्हणून ती समजून घेता येईल, परंतु तिचे समर्थन करता येणार नाही.

या कथेचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक आहे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे आणि कोल्हापूरच्या बोर्डिंगचे एक प्रमुख सूत्रधार अण्णासाहेब लठ्ठे होते. मोठे विद्वान, पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ ते १९३९ या काळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. १९१४ मध्ये कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले व त्यात लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला. भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आणले गेले, त्यांना कोठडीत टाकून त्यांचा छळ करण्यात आला. भाऊरावांनी जिवावर बेतले तरी खोटी साक्ष दिली नाही. ज्या बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले होते, त्याच बोर्डिंगच्या धुरीणासाठी त्यांनी हे सोसले. श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रतात ज्या पाच स्थूल असत्यांचा त्याग सांगितला आहे, त्यांत कूटसाक्ष, म्हणजे खोटी साक्ष, हे एक आहे. प्रतिक्रमणात हा पाठ अनेकांच्या मुखी असतो. भाऊरावांनी तो कोठडीत आचरून दाखविला.

पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. मुलांनी स्वतः दळावे, स्वयंपाक करावा, शेतात राबावे आणि एकाच पंगतीत जेवावे, असा तेथील नियम होता. धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेरीस मंगळसूत्रदेखील, मुलांच्या मुखी दोन घास जावेत म्हणून दिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. १९५९ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन भाऊरावांचा गौरव केला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे, ५७८ प्राथमिक शाळा, १०८ माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये चालू होती. कोल्हापूरच्या बोर्डिंगाने ज्याला दाराबाहेर काढले, त्याने दार नसलेले वसतिगृह उभारले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. कोल्हापुरात ही चळवळ बहरत असताना बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि बीडहून हैदराबाद दूर होते. अंबाजोगाईस, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादेत, १९१७ मध्ये सुरू झालेल्या योगेश्वरी विद्यालयाने राष्ट्रीय शिक्षणाचा दीप तेवत ठेवला. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि मराठवाड्यास स्वतंत्र विद्यापीठ मिळण्यास १९५८ साल उजाडावे लागले. तोवर आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे खेड्यातील मुलाच्या शिक्षणाची मोठी अडचण होती. जैन कुटुंबे लहान लहान गावांत विखुरलेली. किराणा, कापड, धान्य असे दुकान आणि थोडीफार सावकारी किंवा शेती हा चरितार्थ. गावात शाळा चौथीपर्यंत, पुढे बाजाराचे गाव गाठावे लागे. आष्टी आणि पाटोदा भागातील लोकांचा ओढा व्यापारासाठी आणि शिक्षणासाठीही अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे असे. नगर ते आष्टी रेल्वे धावू लागली ती २०२२ मध्ये आणि बीड शहरात रेल्वे पोहोचली ती २०२५ मध्ये. त्यावरून पूर्वीच्या प्रवासाची कल्पना येईल.

अशा परिस्थितीत आष्टी तालुक्यातील कडा येथील श्री अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळ आणि शेजारच्या पाथर्डी येथील तिलोक जैन विद्यालय यांनी या डोंगराळ, दुष्काळी टापूस शिक्षणाचा आधार दिला. कड्याच्या संस्थेस ज्यांचे नाव आहे ते आचार्य अमोलकऋषीजी म्हणजे बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद करणारे थोर ज्ञानोपासक. पाथर्डी हे तर आचार्य आनंदऋषीजींच्या ज्ञानप्रसाराचे केंद्र. धार्मिक परीक्षा बोर्डाच्या रूपाने त्यांनी घराघरांत शास्त्राभ्यास पोहोचविला. या संस्थांच्या वर्गांत जैन मुलांबरोबर पंचक्रोशीतील सर्व समाजांची मुले शिकली, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

कड्याच्या वसतिगृहात वाढलेल्या विद्यार्थ्यांपैकी भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांचे नाव आज देशभर परिचित आहे. त्यांचा जन्म बीड जिल्ह्यातलाच. बालपणीच मातृवियोग झाल्याने वसतिगृह हेच त्यांचे घर झाले. पहाटेची घंटा, प्रार्थना, स्वतःचे कपडे स्वतः धुणे, सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि शेजारच्या खाटेवरील मित्राचे सुखदुःख या वातावरणात त्यांची जडणघडण झाली. पुढे पुण्यात जाऊन त्यांनी बांधकाम व्यवसायात नाव मिळविले. परंतु ऐन तिशीत, १९८५ च्या सुमारास, व्यवसायातून मन काढून त्यांनी समाजकार्यास वाहून घेतले. लग्नातील उधळपट्टी आणि वधूपित्याची ओढाताण त्यांच्या मनात सलत होती. म्हणून सामूहिक विवाहांचा प्रसार हे त्यांच्या कार्याचे पहिले पाऊल ठरले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. अन्न, वस्त्र, औषधे यांचा ओघ देशभरातून सुरू झाला. मुथ्था यांनी मात्र मुलांकडे पाहिले. शाळा कोसळली आणि घर उरले नाही, तर या मुलांचे पुढे काय होणार? संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी पत्करली. त्यातूनच पुण्याजवळ वाघोली येथील शैक्षणिक पुनर्वसन संकुल आकारास आले. या मुलांत जैन किती आणि इतर किती, असा प्रश्न कोणी विचारला नाही. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर संघटनेने तेथे साडेतीनशेहून अधिक शाळा अल्पावधीत उभ्या करून दिल्या. २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढण्याचे काम हाती घेतले आणि २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांना वाघोलीस आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. ज्याला लहानपणी वसतिगृहाने घर दिले, त्याने मोठेपणी घर हरवलेल्या मुलांसाठी वसतिगृह चालविले. हे ऋण फेडण्याची याहून चांगली रीत कोणती?

भाऊराव आणि मुथ्था यांच्यात काळाचे आणि स्वभावाचे मोठे अंतर आहे. एकाला वसतिगृहाने दुखावले, दुसऱ्याला सांभाळले. तरीही दोघांनी पुढे एकच गोष्ट केली. समाजाने आपल्या मुलांसाठी जी सोय केली होती, ती त्यांनी सर्वांच्या मुलांसाठी केली. दानाची सार्थकता येथे दिसते. एका समाजाच्या पैशातून शिकलेला विद्यार्थी जेव्हा परक्याच्या मुलाला आपल्या पंगतीस बसवितो, तेव्हा मूळ दात्याची रक्कम व्याजासह वसूल होते.

यावरून संस्थाचालकांनी बोध घ्यावा तो असा. बहुतेक वसतिगृहांत जमाखर्चाच्या वह्या काटेकोर ठेवलेल्या असतात. धान्य किती आले, तेल किती लागले, वीजबिल किती झाले, हे लेखापरीक्षकास लगेच दाखविता येते. माजी विद्यार्थ्यांची वही मात्र क्वचितच आढळते. स्नेहमेळाव्याच्या दिवशी डॉक्टर, इंजिनिअर, सनदी लेखापाल झालेल्यांचा सत्कार होतो व तो योग्यही आहे. परंतु ज्याने वडिलांचे कर्जबाजारी दुकान प्रामाणिकपणे सावरले, ज्याने दोन धाकट्या बहिणींचे शिक्षण पूर्ण केले, ज्याने खेड्यात मास्तरकी करून पिढ्या घडविल्या, त्यांची नोंद कोण ठेवणार? आणि ज्यांना काही कारणाने वसतिगृह मध्येच सोडावे लागले, त्यांचे काय? कोल्हापूरच्या हजेरीपटावरून ज्याचे नाव कमी झाले, त्याचेच नाव आज महाराष्ट्राच्या घराघरांत घेतले जाते, हे विसरता कामा नये.

म्हणून प्रत्येक संस्थेने सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात एक साधी नोंदवही सुरू करावी. तीत प्रत्येक माजी विद्यार्थ्याचे नाव, गाव, दाखल झाल्याचे व सोडल्याचे वर्ष, सध्याचा व्यवसाय आणि त्याने इतर कोणाच्या शिक्षणास हातभार लावला असल्यास त्याची नोंद, एवढे रकाने पुरेत. हयात असलेल्या वृद्ध विद्यार्थ्यांकडून आठवणी लिहून घ्याव्यात, कारण त्यांच्याबरोबर संस्थेच्या आरंभीच्या वर्षांचा इतिहासही जाणार आहे. शेवटच्या रकान्यात जितक्या नोंदी होतील, तितकी संस्थेची पुण्याई समजावी.

इमारतीस पन्नास वर्षांनी डागडुजी लागते, फरशी झिजते, फलकावरील अक्षरेही पुसट होतात. एका मुलाने दुसऱ्याच्या हाती दिलेली शिदोरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरते. आपल्या संस्थांमधून अशी शिदोरी घेऊन निघणारे आणि ती वाटून देणारे विद्यार्थी सदैव घडोत, हीच या मंगल प्रसंगी शासनदेवांच्या चरणी प्रार्थना. जय जिनेंद्र!