बॅबेजचे गणकयंत्र आणि चमत्कारांचा वाद

ब्रिजवॉटरचा आठवा अर्ल फ्रान्सिस हेन्री एगर्टन हा इ. स. १८२९ मध्ये निवर्तला. त्याच्या मृत्युपत्रात ८,००० पौंडांची एक विलक्षण देणगी होती. ईश्वराचे सामर्थ्य, ज्ञान आणि कृपा ही सृष्टीत कशी प्रकट झाली आहेत, हे दाखविणारे ग्रंथ विद्वानांकडून लिहवून घ्यावेत, अशी त्याची इच्छा होती. त्या काळी इंग्लंडात या विषयाला मोठी प्रतिष्ठा होती. विल्यम पेली याने १८०२ मध्ये घड्याळाचा दृष्टांत देऊन ईश्वरसिद्धीचा जो मार्ग रूढ केला, त्या मार्गाने जाणाऱ्यांची संख्या मोठी होती. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षाने धर्मगुरूंच्या सल्ल्याने आठ लेखक निवडले, प्रत्येकाला १,००० पौंड देण्यात आले, आणि १८३३ ते १८३६ या काळात आठ ‘ब्रिजवॉटर प्रबंध’ प्रसिद्ध झाले. त्यानंतर १८३७ मध्ये नववा प्रबंध निघाला. तो लिहिण्यास कोणी सांगितले नव्हते आणि त्यासाठी कोणी पैसेही दिले नव्हते. त्याचा कर्ता चार्ल्स बॅबेज हा केंब्रिजमध्ये न्यूटनच्या गणितपीठाचा अधिकारी असून गणकयंत्राचा जनक म्हणून आज सर्वश्रुत आहे.

बॅबेजला लेखणी उचलावी लागली ती ह्यूएलमुळे. विल्यम ह्यूएल हा ट्रिनिटी महाविद्यालयातील धर्मोपदेशक आणि बहुश्रुत पंडित. ‘सायंटिस्ट’ हा इंग्रजी शब्द त्यानेच घडविला, आणि तो १८३४ मध्ये प्रथम छापला गेला. (शास्त्र जाणणाऱ्याला ‘शास्त्री’ म्हणण्याची सोय असूनही मराठीने पुढे ‘शास्त्रज्ञ’ हा निराळा शब्द पत्करला, हे येथे आठवते. दोन्ही भाषांना हा नवा मनुष्य जुन्या नावात मावेनासा वाटला.) ह्यूएलने ज्योतिषावरील आपल्या ब्रिजवॉटर प्रबंधात असे प्रतिपादन केले की, नियमांचा नव्याने शोध लावणाऱ्यांची बुद्धी स्वभावतःच नियंत्याकडे वळते, परंतु सिद्ध नियमांवरून केवळ निष्कर्ष काढीत बसणारे गणिती त्या नियमांनाच अंतिम मानू लागतात. म्हणून विश्वाच्या कारभाराविषयी अशा गणितज्ञांच्या मताला प्रमाण मानण्याचे कारण नाही. हा आक्षेप बॅबेजला झोंबला. ह्यूएलचे ते वचन त्याने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच दिले, आणि उत्तरादाखल आपले यंत्र पुढे केले.

हे यंत्र म्हणजे ‘डिफरन्स इंजिन’ अथवा अंतरयंत्र. त्याचे तत्त्व सोपे आहे. १, ४, ९, १६ या वर्गसंख्या घेतल्या, तर त्यांमधील अंतरे ३, ५, ७ अशी येतात, आणि या अंतरांमधील अंतर नेहमी २ च राहते. म्हणजे गुणाकार न करता केवळ बेरजा करीत गेल्यास वर्गांचे संपूर्ण कोष्टक तयार होते. या बेरजा अंक कोरलेल्या चाकांकडून करवून घ्याव्यात, म्हणजे माणसाच्या हातून होणाऱ्या चुका टळतील, अशी बॅबेजची योजना होती. १८२३ पासून सरकारने तिला पैसा पुरविला. १८३२ मध्ये यंत्राचा एक भाग जुळून तयार झाला. पुढे कारागीर जोसेफ क्लेमंट याच्याशी तंटा होऊन काम थांबले, आणि सुमारे १७,००० पौंड खर्ची पडल्यावर १८४२ मध्ये सरकारने हात झटकले. पुरे यंत्र बॅबेजच्या हयातीत झालेच नाही. त्याच्याच नंतरच्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमने दुसरे अंतरयंत्र बांधले ते १९९१ मध्ये, आणि ते बिनचूक चालले.

परंतु १८३२ चा तो तुकडा बॅबेजच्या डॉर्सेट स्ट्रीटवरील घरी होता, आणि शनिवारच्या संध्याकाळी तेथे जमणाऱ्या मंडळींना तो चालवून दाखविला जाई. सरदार, खासदार, धर्मगुरू, भूगर्भवेत्ते, लेखक, परदेशी पाहुणे अशी एकमेकांना क्वचितच ओळखणारी माणसे त्या दिवाणखान्यात एकत्र येत. जून १८३३ मध्ये कवी बायरनची पत्नी आपल्या सतरा वर्षांच्या एडा या मुलीला घेऊन तेथे गेली होती. तिने एका पत्रात या वस्तूला विचार करणारे यंत्र म्हटले आहे. हे यंत्र दहा हजारांपर्यंत क्रमाने मोजत जाते आणि मग एकाएकी निराळ्या प्रमाणाने चालू लागते, अशी नोंदही तिने केली आहे. बॅबेजच्या धर्मविषयक युक्तिवादाचे सारे बीज या नोंदीत आहे.

ग्रंथात हा प्रयोग अधिक विस्ताराने आला आहे. वाचकाने यंत्रासमोर बसून त्यावर उमटणारे अंक पाहत आहोत, अशी कल्पना करावी. १, २, ३, ४ असा क्रम चालू आहे. दिवस जातात, वर्षे जातात. प्रत्येक वेळी एकाचीच भर पडते. दहा कोटी एक, म्हणजे १०,००,००,००१, हा अंक येईपर्यंत एकही अपवाद आढळत नाही. पुढचा अंक १०,००,००,००२ येणार याविषयी कोणाला शंका उरेल? परंतु येतो तो १०,००,१०,००२. त्यानंतर १०,००,३०,००३, आणि मग १०,००,६०,००४. पाहणारा म्हणेल, यंत्र बिघडले, किंवा कोणी तरी मधे हात घातला. वस्तुतः यांपैकी काहीही झालेले नसते. यंत्राची मांडणी आरंभीच अशी केलेली असते की, त्या विवक्षित स्थानी जुना क्रम सुटून नवा क्रम सुरू व्हावा. हा नवा क्रमही २,७६१ पदांपर्यंतच टिकतो. त्यापुढे आणखी निराळा. प्रेक्षकाला जो नियमाचा भंग वाटला, तो अधिक व्यापक अशा नियमाचे पालन होता, असे बॅबेजचे म्हणणे. सृष्टीतील चमत्कारही याच जातीचे का असू नयेत? प्रत्येक प्रसंगी ईश्वराने हात घालून सृष्टिक्रम दुरुस्त करावा यापेक्षा, युगानुयुगांनंतरचा तो अपवाद त्याने आरंभीच योजून ठेवावा, यात त्याचे ज्ञान अधिक प्रकट होत नाही काय?

या युक्तिवादाचे मर्म ‘नियम’ या शब्दात आहे. युरोपीय भाषांतून ज्याला निसर्गाचा कायदा म्हणतात, ती कल्पना मुळात राजाज्ञेवरून आलेली. कायदा म्हटला की तो करणारा आला, आणि तो करणाऱ्याला तो मोडण्याचा अधिकारही आला. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये चमत्काराची व्याख्या निसर्गनियमाचे उल्लंघन अशी केली, तेव्हा आज्ञेचा अर्थ गळून केवळ अखंड अनुभव एवढाच अर्थ उरला होता. तरी ‘उल्लंघन’ हा शब्द मात्र कायद्याच्या परिभाषेतलाच राहिला. मराठीत हा पेच वेगळ्या रीतीने पडतो. ‘नियम’ हा शब्द मुळात व्रताचा, स्वतःला घालून घेतलेल्या बंधनाचा आहे, आणि ‘चमत्कार’ म्हणजे आश्चर्याने मन चकित होणे. साहित्यशास्त्रात तर तो काव्यापासून होणाऱ्या आनंदालाही लागतो. चमत्कार होण्यासाठी काहीही मोडावे लागत नाही. पाश्चात्य वाद मराठीत मांडताना जी ओढाताण होते, तिचे एक कारण हे असावे. बॅबेजने या जुन्या शब्दाला तिसराच अर्थ दिला. त्याचा नियम ही राजाची आज्ञा नव्हे आणि निरीक्षकाचा अनुभवही नव्हे. यंत्रात आधीच बसवून ठेवलेली ती सूचना आहे. संगणकाच्या ‘प्रोग्राम’ला आज मराठीत ‘आज्ञावली’ म्हणतात. बॅबेजचा ईश्वर आज्ञावली रचणारा आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

येथे दोन अडचणी उभ्या राहतात, आणि त्या बॅबेजने पुरत्या ओळखल्या होत्या असे दिसत नाही. पहिली तर्काची. डॉर्सेट स्ट्रीटवर यंत्राशेजारी यजमान उभा होता. मांडणी कशी केली होती ते त्याला विचारता येत होते. विश्वाच्या बाबतीत ती सोय नाही. शिवाय प्रत्येक अपवादाच्या मागे कोणता तरी अज्ञात नियम असू शकतो असे एकदा मान्य केले, की घडलेली कोणतीही गोष्ट नियमबाह्य ठरविण्याचे साधनच उरत नाही. मग चमत्काराला वेगळे नाव तरी कशाला द्यावयाचे? दुसरी अडचण श्रद्धेची, आणि ती अधिक खोल आहे. ज्याने सारे आरंभीच ठरवून टाकले, त्याची प्रार्थना करण्यात अर्थ काय? जनीबरोबर दळायला बसणाऱ्या विठ्ठलाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना बॅबेजचा दूरदर्शी यंत्रकर्ता परकाच वाटेल. आणि इंग्लंडातील भाविकांनाही तो फारसा जवळचा वाटला नाही. ह्यूएलला खाली पाहावयास लावण्याच्या भरात बॅबेजने ईश्वराची कुशाग्रता सिद्ध केली, पण त्याची कृपा जवळजवळ सोडून दिली.

ह्यूमला उत्तर देताना तो संभाव्यतेच्या गणिताकडे वळला. ह्यूमचे म्हणणे असे की, चमत्कार खोटा असण्याची शक्यता साक्षीदार खरा असण्याच्या शक्यतेहून नेहमीच अधिक. बॅबेजने दाखविले की साक्षीदार परस्परांपासून स्वतंत्र असतील, आणि खोट्यापेक्षा खरे अधिक वेळा बोलणारे असतील, तर त्यांची संख्या वाढवून कितीही मोठी असंभाव्यता ओलांडता येते. शंभरांत एकदाच चुकणारे सहा साक्षीदार घेतले, तर सहाही जण एकाच वेळी चुकण्याची शक्यता एक लक्ष कोटींत एक एवढीच उरते. हे गणित निर्दोष आहे. खरा प्रश्न ‘स्वतंत्र’ या एका विशेषणाचा आहे, आणि धर्मपरंपरेत साक्षी ज्या रीतीने एकमेकांच्या तोंडून पुढे जातात, ती पाहता ते विशेषण लावणे अवघड आहे.

ग्रंथातील सर्वांत हृदयस्पर्शी प्रकरण मात्र यंत्राविषयीचे नाही. उच्चारलेल्या प्रत्येक शब्दाने हवेच्या कणांना जी गती मिळते ती कधीच पूर्णपणे नाहीशी होत नाही. म्हणून वातावरण हे एक प्रचंड ग्रंथालय असून मनुष्यमात्र जे जे बोलला ते त्यात लिहिलेले आहे, असे बॅबेज म्हणतो. (मीमांसकांच्या शब्दनित्यत्वाशी याची गल्लत करू नये. त्यांचा नित्य शब्द उच्चारापूर्वीही असतो. बॅबेजचा उच्चारानंतर टिकतो.) याच सूत्राने तो गुलामांच्या व्यापाराकडे येतो. जिवंत गुलामांना समुद्रात लोटणाऱ्या कप्तानाविरुद्ध हवेचा आणि पाण्याचा कण न् कण साक्ष देईल, असे तो बजावतो. ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ मध्ये संमत केला होता, परंतु समुद्रावर हा व्यापार चालूच होता. जो ईश्वर मधे हात घालीत नाही, त्याच्या राज्यात न्याय कसा होणार, या प्रश्नाला बॅबेजने दिलेले हेच उत्तर म्हणावे लागेल. आणि पूर्वीच्या अंकांच्या खेळाहून ते अधिक गंभीर आहे.

हा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी ह्यूएलने पत्ररूपाने आपली बाजू मांडली. पण वाद त्या दोघांपुरता राहिला नाही. बॅबेजने परिशिष्टात जॉन हर्शेलने फेब्रुवारी १८३६ मध्ये केप ऑफ गुड होपहून भूगर्भवेत्ता चार्ल्स लायल याला लिहिलेल्या पत्राचा भाग छापला होता. नष्ट झालेल्या प्राणिजातींची जागा नव्या जाती कशा घेतात, हे सर्व गूढांतील गूढ आहे, आणि तेही नैसर्गिक कारणांनीच उलगडेल, असे हर्शेलचे मत त्यात होते. १८४४ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेस्टिजेस ऑफ द नॅचरल हिस्टरी ऑफ क्रिएशन’ या पुस्तकाने बॅबेजच्या यंत्राचा दृष्टांत सरळ उचलला आणि जाती बदलतात हे दाखविण्यासाठी वापरला. युगानुयुगे समान प्राण्यापासून समान प्राणी होतो. मग अधिक व्यापक नियमानुसार एके दिवशी क्रम बदलतो. केंब्रिजमधील भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक अ‍ॅडम सेजविक याने त्यावर कडक टीका केली. परंतु आपण कोणाशी भांडत आहोत हे त्याला ठाऊक नव्हते. तो लेखक एडिंबरोचा प्रकाशक रॉबर्ट चेंबर्स होता, हे जाहीर झाले ते १८८४ मध्ये, चेंबर्सच्या मृत्यूनंतर. श्रद्धेच्या रक्षणासाठी रचलेला दृष्टांत सात वर्षांत श्रद्धावंतांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याच्या मतासाठी कामी आला होता. यंत्राला पक्ष नव्हता.

बॅबेजच्या घरच्या पाहुण्यांत चार्ल्स डार्विनही असे. त्याच्या १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्याच परिच्छेदात हर्शेलच्या त्या गूढाचा उल्लेख आहे. आणि गंमत अशी की, मुखपृष्ठासमोर अवतरण आहे ते ह्यूएलच्या ब्रिजवॉटर प्रबंधातील.

डॉर्सेट स्ट्रीटवर आलेली ती मुलगी, एडा लव्हलेस, हिने १८४३ मध्ये बॅबेजच्या पुढच्या यंत्रावर, ‘अ‍ॅनालिटिकल इंजिन’वर, सविस्तर टिपा लिहिल्या. हे यंत्र स्वतःहून काहीही निर्माण करीत नाही, जे करावयास सांगता येईल तेवढेच करते, असे तिने त्यांत स्पष्ट केले. बॅबेजच्या दिवाणखान्यातील चकित प्रेक्षकांना हे एकाच वेळी उत्तर होते आणि इशाराही. १९५० मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात अ‍ॅलन ट्युरिंगने यंत्रे विचार करू शकतील काय या प्रश्नाची चर्चा केली, तेव्हा तिचे हे मत त्याने एक आक्षेप म्हणून विचारात घेतले. त्याहीआधी त्याने घेतला तो ईश्वरवाद्यांचा आक्षेप : विचार हे अमर आत्म्याचे कार्य आहे, आणि आत्मा ईश्वराने मनुष्यालाच दिला आहे. त्यावर ट्युरिंगचे उत्तर असे की, असे म्हणणे म्हणजे ईश्वराच्याच सर्वशक्तिमत्तेला मर्यादा घालणे होय. त्याच्या मनात आले तर हत्तीलाही तो आत्मा देईल, मग यंत्राला का नाही? ह्यूएलविरुद्ध बॅबेजने टाकलेला डाव तो हाच. प्रतिपक्षाचा देव फार लहान आहे, असे दाखवावयाचे. फरक एवढाच की बॅबेज हे मनापासून म्हणत होता. अशा युक्तिवादांचा आपल्यावर फारसा प्रभाव पडत नाही, हे ट्युरिंगने लगेच सांगून टाकले, आणि उदाहरण दिले ते गॅलिलिओच्या काळी कोपर्निकसविरुद्ध पुढे केल्या जाणाऱ्या बायबलमधील वचनाचे : यहोशवाच्या युद्धात सूर्य जवळजवळ दिवसभर आकाशात थांबून राहिला, त्या चमत्काराचे.