सातपुड्याच्या पायथ्याशी मोजणीची मोहीम

नागपूरच्या वायव्येस कोलार नदीकाठी वसलेल्या सावनेरच्या उत्तरेला सातपुड्याचा जो डोंगराळ, वनाच्छादित प्रदेश सुरू होतो, त्याचे अचूक मापन एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत झालेले नव्हते. वाटाड्यांना आणि बैलांचे तांडे हाकणाऱ्या बंजाऱ्यांना तेथील घाट परिचित असले, तरी अक्षांश-रेखांशांवर आधारलेला नकाशा ही निराळी गोष्ट होती. असा नकाशा घडवण्यासाठी ब्रिटिश सैन्याधिकारी विल्यम लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे साखळीने अत्यंत काटेकोरपणे मोजलेले मूळ अंतर, आखून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. पायारेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचा कोन थिओडोलाइट या कोनमापक यंत्राने घेतला, की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघत, आणि अशा त्रिकोणांची साखळी जोडत लॅम्बटन यांचे पथक उत्तरेकडे सरकत असे. सुमारे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट डोंगरमाथ्यांवर चढवणाऱ्या, दृष्टिरेषेतील झाडी तोडणाऱ्या आणि रानातला ताप सोसणाऱ्या खलाशांच्या, म्हणजे सर्वेक्षणातील मजुरांच्या, श्रमांवरच हे कार्य उभे राहिले, हे विसरणे अन्यायाचे ठरेल. नागपूरकडे येत असताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी वऱ्हाडातून सातपुडा ओलांडून ही साखळी माळव्यातील सिरोंजपर्यंत नेली. पुढे हिमालयापर्यंत पोहोचलेल्या या मापनाने पृथ्वीचा आकार ठरवण्यास मोलाची मदत केली, आणि त्यात विदर्भाच्या भूमीचाही वाटा आहे.