रोगनोंद आणि आत्मकथन : सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकृतीच्या निदानाचा इतिहास

‘सीमावर्ती’ ही संज्ञा मनोविकारशास्त्रात आली ती प्रचलित वर्गीकरणाच्या अपुरेपणातून. मज्जाविकृती आणि चित्तविकृती या दोन्ही कोटींत न बसणाऱ्या व मनोविश्लेषणाला दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी अमेरिकन मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ साली ती योजिली. अमेरिकेतील अधिकृत निदानसंहितेत तिला स्थान मिळाले ते १९८० साली, तिसऱ्या आवृत्तीत. मधल्या काळात योग्य निदान व उपचार यांवाचून रुग्णांचे काय झाले, याची साक्ष आत्मकथनपर लेखनात मिळते.

सुझाना केसन १९६७ साली, अठराव्या वर्षी, मॅसॅच्युसेट्समधील मॅक्लीन रुग्णालयात दाखल झाली. दाखल करतानाच्या नोंदीत छिन्नमनस्कतेचीही शंका होती; घरी सोडताना निदान झाले ते ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व’ असे. सुमारे पंचवीस वर्षांनी तिने वकिलामार्फत ही कागदपत्रे मिळविली आणि ‘गर्ल, इंटरप्टेड’ (१९९३) या पुस्तकात स्वतःच्या निवेदनाशेजारी छापली. दाखल करण्यापूर्वी डॉक्टरांनी घेतलेली मुलाखत वीस मिनिटे चालली की तीन तास, हा वाद ती नोंदींतील वेळा ताडून चालविते. १९८७ च्या संहितेतील व्याख्या उद्धृत करून ती आपले निदान तपासते. रुग्णा येथे स्वतःच्या रोगनोंदीची चिकित्सक वाचक होते.

मार्शा लिनेहन यांची वाट निराळी. १९६१ साली, सतराव्या वर्षी, हार्टफर्डच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’मध्ये त्यांना छिन्नमनस्क ठरवून औषधे व विद्युतझटके देण्यात आले, त्यांचा आत्मघाताचा ध्यास ओसरला नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ होऊन त्यांनी वेदनेचा स्वीकार आणि वर्तनातील बदल यांची सांगड घालणारी उपचारपद्धती घडविली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत ती घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वतःला इजा करण्याचे प्रसंग घटले व उपचार अर्ध्यावर सोडण्याचे प्रमाणही कमी राहिले. आपला भूतकाळ त्यांनी २०११ साली त्याच संस्थेत जाहीरपणे सांगितला. २०२० साली त्यांचे आत्मचरित्र आले.

केसन निदानाच्या नावाला प्रश्न विचारते. लिनेहन नावापुढच्या उपचाराचा प्रश्न सोडवू पाहतात. दोघींच्या कथनांतून एकच गोष्ट स्पष्ट होते : नाव बदलल्याने रुग्ण सुटत नाही, आणि त्याचे ऐकून घेतल्यावाचून उपचार लागू पडत नाही. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, काही अपवाद वगळता, रुग्णास आपली वैद्यकीय नोंद पाहण्याचा हक्क दिला आहे. केसनला वकील गाठून जे मिळवावे लागले, त्यावर येथील रुग्णाचा कायद्याने अधिकार आहे. भारतीय भाषांतील आत्मकथनांचा तौलनिक अभ्यास करताना ही नवी साधनसामग्री लक्षात घ्यावी लागेल.