नाण्यावरचे एक अक्षर

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ठेवायचा चांदीचा रुपया घरोघरच्या आज्या आधी दगडावर वाजवून पाहत. नाणे खणखणीत आहे की बद्द, हे कान सांगे. पण ज्या नाण्यावर एके काळी अर्ध्या जगाचा व्यापार चालला, त्यावर कसाची हमी म्हणून एका माणसाचे आद्याक्षर असे. त्या अक्षराची ही हकीकत आहे.

दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हियात, तेरा हजार फुटांहून अधिक उंचीवर पोतोसी हे शहर आहे. तेथील डोंगरात १५४५ साली चांदी सापडली आणि पुढे स्पेनच्या राजाने तेथे टाकसाळ घातली. चांदीचे तुकडे पाडायचे, कातरून वजनात बसवायचे आणि हातोड्याने ठसा उठवायचा, अशी तेव्हाची रीत. साहजिकच नाणी ओबडधोबड निघत. त्यांतले मोठे नाणे आठ रेआलांचे. वजन सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून थोडे अधिक. त्यावर टाकसाळीचे रोमन अक्षर 'पी' आणि जोडीला कस पाहणाऱ्या पारख्याचे आद्याक्षर. चांदीत खोट निघाली, तर जाब त्याने द्यायचा!

१६१७ पूर्वी पोतोसीच्या नाण्यांवर साल घालीत नसत. म्हणून संग्राहक भिंग घेऊन प्रथम हे अक्षर शोधतो. कोणता पारखी केव्हा कामावर होता, हे जुन्या दफ्तरांतून जुळविले, की नाण्याचा काळ हाती येतो. समुद्रही साक्ष देतो. १६२२ साली फ्लॉरिडाजवळ बुडालेल्या 'आतोचा' जहाजाचा मोठा खजिना १९८५ साली सापडला. त्यातले एकही नाणे १६२२ नंतरचे असणे शक्य नाही.

पण कुंपणानेच शेत खाल्ले तर? १६४० नंतर तसेच घडले. नाण्यांत तांबे वाढत गेले आणि युरोपातील सावकार पोतोसीचे नाणे घेईनात. राजा चौथ्या फिलिपने चौकशीसाठी नेस्तारेस मारीन यास पाठविले. १६५० साली धनाढ्य चांदीव्यापारी गोमेझ दे ला रोचा आणि पारखी रामीरेझ दे आरेल्यानो या दोघांनाही देहान्त शासन झाले. त्यानंतर पाडलेली बरी नाणीही मुकुटाची मुद्रा मारून साडेसात रेआलांनाच चालविली गेली. गेलेली पत अशी सहज परत येत नाही. १६५२ साली ठसाच बदलला: दोन खांब, खाली समुद्राच्या लाटा, आणि साल व पारख्याचे अक्षर एकाहून अधिक ठिकाणी. एक पुसले, तरी दुसरे बोलावे. नव्या ठशावरचे 'ई' हे अक्षर आंतोनियो दे एर्गुएता याचे. ते पुढे पाव शतक टिकले.

स्पॅनिश अमेरिकेची ही चांदी पोर्तुगीजांबरोबर गोव्यास आणि इंग्रज-डचांबरोबर सुरतेसही आली. सुरतेस सराफ तिचा कस लावीत आणि मोगल टाकसाळीत ती वितळून तिचे रुपये होत. तेथे ते अक्षर कायमचे विरघळून जाई.

ती चांदी खणण्यासाठी 'मिता' नावाच्या वेठीने आसपासच्या मुलखातून दरवर्षी हजारो मूळ रहिवासी त्या डोंगरात जुंपले जात. कितीएक परतलेच नाहीत. भिंग कितीही मोठे घेतले, तरी त्यांचे अक्षर कोणत्याही नाण्यावर सापडत नाही.