प्रकाशकिरणाने लिहिणारे यंत्र
अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची स्वयंचलित नोंद

अलिबाग : पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षणोक्षणी किंचित बदलत असते. या बदलांची नोंद अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून होत आहे. या कामाचा वारसा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचा. तेथे १८४१ पासून निरीक्षक ठरावीक वेळी मोजपट्टीवरील आकडे डोळ्यांनी वाचून वहीत उतरवीत. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात क्षेत्राची तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घटल्याची नोंद अशीच हाताने झाली. मात्र दोन वाचनांच्या मधल्या काळात काय घडले, हे वहीतून कळत नसे.

अखंड नोंदीसाठी यंत्र हवे होते. पण चुंबकाला लेखणी जोडली, तर तिच्या घर्षणानेच तो अडखळणार. यावर १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये छायाचित्रणाचा उपाय योजण्यात आला. टांगलेल्या चुंबकाला आरसा जोडायचा आणि त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशकिरण घड्याळाच्या गतीने सरकणाऱ्या संवेदनशील पृष्ठभागावर पाडायचा. आरसा जेवढा वळतो, त्याच्या दुप्पट कोनातून किरण वळतो. त्यामुळे सूक्ष्म हालचालही वजनाविना मोठी होऊन उमटते. पुढे कुलाब्यातही ही पद्धत आली.

विसाव्या शतकाच्या आरंभी नवेच संकट उभे राहिले. मुंबईत विजेची ट्राम सुरू करण्याचे ठरले. रुळांतून जमिनीत झिरपणारा विद्युतप्रवाह नोंदी बिघडविणार, हे उघड होते. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभॉय अर्देशीर मूस यांच्या पुढाकाराने अलिबागची जागा निवडण्यात आली. इमारतीसाठी अचुंबकीय पोरबंदरी दगड वापरण्यात आला, लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले. तापमानाचा यंत्रांवर परिणाम होऊ नये, याचीही दक्षता घेण्यात आली.

तरीही जुनी यंत्रे लगेच बंद करण्यात आली नाहीत. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांची तुलना झाली. त्यानंतरच कुलाब्यातील नोंदी थांबल्या. मुंबईत विजेची ट्राम धावली ती मे १९०७ मध्ये. त्या दोन वर्षांच्या पडताळणीमुळेच कुलाबा आणि अलिबाग यांच्या आकड्यांची साखळी आज सलगपणे वाचता येते.

वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत असून नोंदी अंकीय स्वरूपात होतात. स्वयंचलित यंत्र केवळ चढउतार टिपते. ते कोणत्या मूळ मूल्यापासून मोजायचे, हे वेगळ्या निरपेक्ष मापनाने ठरवावे लागते. ते मापन निरीक्षक आजही ठरावीक अंतराने करतात. यंत्राने माणसाची रात्रपाळी वाचविली. पण यंत्रावर विश्वास ठेवायचा, तर त्याला तपासणारा माणूस लागतोच.