पुणे परिसरातील सायकलमार्ग : वहिवाट आणि हक्क

‘सायकलींचे शहर’ ही पुण्याची ख्याती विसाव्या शतकाच्या मध्यास सर्वतोमुखी झाली होती. या ख्यातीचा विचार बहुधा स्मरणरंजनाच्या अंगाने केला जातो. वाड्याच्या दारात टेकवून ठेवलेली सायकल, महाविद्यालयाच्या आवारातील सायकलींच्या रांगा, तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने इत्यादींचे वर्णन विपुल आढळते. मात्र या सायकली ज्या रस्त्यांवरून धावल्या ते रस्ते कोणी, कोणत्या हेतूने व कोणासाठी बांधले, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. हा प्रश्न उपस्थित केला असता एक गोष्ट स्पष्ट होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या भोवताली आज जे सायकलमार्ग म्हणून ओळखले जातात, त्यांपैकी जवळजवळ एकही मार्ग सायकलीसाठी निर्माण झालेला नाही. सायकलीने दुसऱ्यांच्या रस्त्यांवर वहिवाट केली; त्या वहिवाटीचे रूपांतर हक्कात कधीच झाले नाही. सायकलीच्या उत्कर्षाची व ऱ्हासाचीही मीमांसा या एका वस्तुस्थितीतून बऱ्याच अंशी करता येते.

१. मार्गांची पूर्वपीठिका

पुण्यातून बाहेर पडणाऱ्या प्रमुख मार्गांचे त्यांच्या मूळ प्रयोजनानुसार तीन वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग लष्करी व व्यापारी मार्गांचा. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यावर इंग्रजांचा अंमल बसला आणि पुणे व खडकी येथे छावण्या वसल्या. या छावण्या मुंबई बंदराशी जोडणे ही नव्या राजवटीची निकड होती. बोरघाटातून चाकांच्या वाहनांना जाता येईल असा रस्ता तयार होऊन १८३० च्या नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो खुला केला. खडकी, दापोडी, पिंपरी, चिंचवड, तळेगाव, वडगाव, लोणावळा, खंडाळा हा त्याचा क्रम. साताऱ्याकडे जाणारा कात्रज घाटाचा रस्ताही प्रयोजनाच्या दृष्टीने याच वर्गात मोडतो.

दुसरा वर्ग वारीच्या मार्गांचा. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवड, जेजुरीकडे जाते, तर देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर, यवत या वाटेने जाते. येथे वाट पायांनी मळलेली आहे. बांधीव रस्ता तिच्यावर मागाहून आला.

तिसरा वर्ग पाण्याच्या पाठोपाठ आलेल्या मार्गांचा. मुठेवरील खडकवासल्याचे धरण १८७० च्या दशकात बांधले गेले व त्याच्या कालव्याने शहर आणि पूर्वेकडील शेती यांना पाणी मिळू लागले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुळशीचे धरण झाले. त्याविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह सर्वश्रुत आहे. धरणाच्या कामासाठी माणसे व सामान नेणे, पुढे त्याची देखरेख करणे, ही अशा ठिकाणच्या वाटांची मूळ कामे. आज रविवारी पहाटे खडकवासला अथवा मुळशीच्या दिशेने निघणारे सायकलस्वार या पाण्याच्या वाटांनीच जातात.

२. चढाचे प्रमाण

हे रस्ते सायकलीला मानवले याचे कारण त्यांच्या बांधणीत आहे. पायवाट डोंगर सरळ चढते. ओझ्याची बैलगाडी किंवा तोफगाडा तसा चढू शकत नाही. म्हणून गाडीरस्त्याला वळणे देऊन चढ सौम्य करावा लागतो. डोंगराळ मुलखातील रस्त्यासाठी वीस फुटांस एक फूट हा चढ आजही प्रमाण धरला जातो. बैलाच्या ताकदीला पेलणारा हा उतार माणसाच्या मांड्यांनाही पेलतो. कात्रज, दिवे व बोपदेव हे घाट सायकलस्वारांना कठीण वाटले तरी असाध्य वाटत नाहीत, ते यामुळेच. याउलट सुमारे १,३०० मीटर उंचीच्या सिंहगडावर जाणारा मोटरीचा रस्ता याहून बराच उभा आहे. म्हणूनच तो सरावाचा नव्हे तर कसोटीचा मार्ग समजला जातो.

मुंबई रस्त्याच्या बाबतीत निसर्गाचेही साहाय्य झाले. पुण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५६० मीटर, तर ६४ किलोमीटर अंतरावरील लोणावळ्याची सुमारे ६२० मीटर. म्हणजे घाटमाथ्यापर्यंतच्या एवढ्या पल्ल्यात उंचीतील फरक अवघा ६० मीटरांचा आहे. घाटाचा खरा कडा लोणावळ्याच्या पलीकडे, खंडाळ्याखाली लागतो. त्या अलीकडील पट्टी जवळजवळ सपाट असून याच पट्टीवर पुढे कारखाने उभे राहिले.

३. कामगाराची सायकल

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारांत औद्योगिक वसाहत पसरली. १९७० मध्ये या गावांची नगरपालिका झाली व १९८२ मध्ये महानगरपालिका. पुण्याचे उपनगर समजले जाणारे हे शहर वस्तुतः लष्करी रस्त्याच्या दोन्ही कडांना वाढले.

वाढीच्या या पहिल्या टप्प्यात कारखाना व घर यांतील अंतर सायकलीने भरून काढले. पुणे शहरातून पिंपरीपर्यंतचे अंतर सुमारे १५ किलोमीटर, म्हणजे सराव असलेल्या माणसाला तासाभराचे. पाळी सुटण्याच्या वेळी बसची वाट न पाहता, भाडे न देता निघता येई. आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या शेतकरी-कामगाराला तर शेताची वेळ आणि पाळीची वेळ या दोन्ही साधणारे दुसरे साधनच नव्हते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील असंख्य कुटुंबे बेघर झाली व त्यांपैकी अनेकांचे पुनर्वसन गावाबाहेरच्या नव्या वसाहतींत झाले. त्यामुळे पेठांत जगणाऱ्या पुणेकराच्याही रोजच्या वाटा लांबल्या. सायकलीचे महत्त्व यामुळे वाढले असल्यास नवल नाही.

येथे एक विलक्षण विरोध नोंदविला पाहिजे. आकुर्डीच्या ज्या बजाज ऑटोच्या कारखान्याच्या फाटकाशी सायकलींच्या रांगा लागत, त्यातच सायकलीला विस्थापित करणारे वाहन तयार होत होते. त्या स्कूटरसाठी मध्यमवर्गीय कुटुंब वर्षानुवर्षे क्रमांक लावून थांबे. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना ही मोपेड आणली व यांत्रिक वाहन सायकलस्वाराच्या ऐपतीच्या जवळ आले. सायकलीवरून कामाला जाणाऱ्याच्या श्रमांनी सायकलीचा प्रतिस्पर्धी घडविला.

४. बिल्ला : मान्यतेचे एकमेव चिन्ह

सायकलस्वाराचा रस्त्याशी असलेला कायदेशीर संबंध कोणता होता, हा या विषयातील कळीचा प्रश्न. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर आकारीत व तो भरल्याची खूण म्हणून पितळेचा किंवा पत्र्याचा बिल्ला देत. बिल्ला नसणे, रात्री दिवा नसणे, ‘डबल सीट’ जाणे यांबद्दल दंड होई. जुन्या पिढीच्या आठवणींत हे प्रसंग विनोदाचे म्हणून येतात. इतिहासाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ गंभीर आहे. ज्याच्याकडून कर घेतला जातो व ज्याला दंड केला जातो, तो रस्त्यावर आहे हे शासनाने मान्य केलेले असते. बिल्ल्यांच्या नोंदवह्या ही सायकलींची प्रतिवर्षी होणारी गणनाच होती. पुढे हा कर कालबाह्य ठरून ठिकठिकाणी रद्द झाला. सायकलस्वाराची कटकट वाचली. परंतु त्याच वेळी तो पालिकेच्या दप्तरातून नाहीसा झाला. मोटार वाहन कायद्याखाली यांत्रिक वाहनाची नोंद होत राहिली, तिचे आकडे दरवर्षी वाढताना दिसत गेले, व त्या आकड्यांच्या आधारे रस्ते रुंद होत गेले. सायकलीची गणना उरली ती दशवार्षिक जनगणनेपुरती.

तुलनेसाठी इंग्लंडचे उदाहरण उद्बोधक ठरेल. तेथे सायकलस्वारांची संघटना १८७८ मध्येच स्थापन झाली होती. १८८६ मध्ये रस्तेसुधारणेसाठी निघालेल्या चळवळीत सायकलस्वार अग्रभागी होते आणि १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने सायकल ही ‘गाडी’ ठरून तिला इतर गाड्यांच्या बरोबरीने रस्त्यावर स्थान मिळाले. मोटार रस्त्यावर येण्यापूर्वीच तेथील सायकलस्वाराने रस्त्याविषयी मागणी केली होती. पुण्यात सायकल सार्वत्रिक झाली तेव्हा रस्ता तयारच होता. मागणी करण्याचा प्रसंगच आला नाही. जे विनासायास मिळाले त्याचा दस्त करून घेण्याचे कोणाला सुचले नाही.

५. वहिवाटीचा लोप

या उणिवेचा परिणाम मोटारींची संख्या वाढताच दिसून आला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला; त्यावर सायकलीला आरंभापासूनच मज्जाव आहे. शहरात २००६ मध्ये जलद बससेवेचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा सातारा व सोलापूर रस्त्यांलगत सायकलपट्टे आखण्यात आले. परंतु ते सलग राहिले नाहीत. कोठे विजेचा खांब, कोठे उभी वाहने, कोठे विक्रेत्यांच्या हातगाड्या यांनी ते खंडित झाले. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींची सार्वजनिक योजनाही पुण्यात अवतरली व थोड्याच काळात ओसरली.

याच्या शेजारी वारीच्या मार्गाचे उदाहरण ठेवून पाहावे. २०२१ मध्ये ज्ञानेश्वर व तुकाराम महाराजांच्या पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाचा पायाभरणी समारंभ झाला. या महामार्गांच्या आराखड्यातच वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथाची तरतूद करण्यात आली. वारकरी वर्षातून काही दिवस त्या वाटेने चालतो. सायकलस्वार कामगार रोज जात असे. तरीही पहिल्याची वहिवाट रस्त्याच्या रचनेत उतरली आणि दुसऱ्याची उतरली नाही. कारण वारकऱ्याच्या वहिवाटीमागे दिंड्यांची शिस्त, परंपरा आणि समाजाची एकमुखी मान्यता आहे. सायकलस्वार हजारोंच्या संख्येने असूनही एकेकटा होता. मोपेड घेण्याइतके पैसे साठताच तो आपला पक्ष सोडून जाई, आणि मागे राहणाऱ्याची बाजू तितकीच दुबळी होई.

६. सोडलेले घाट

विद्यमान सायकलमार्गांचे स्वरूप या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे. साताऱ्याची मुख्य वाहतूक नव्या बोगद्याकडे वळल्यावर जुना कात्रज घाट काहीसा मोकळा झाला व सरावाचा मार्ग बनला. द्रुतगती मार्गाने अवजड वाहतुकीचा मोठा भाग ओढून घेतल्यानंतर जुन्या मुंबई रस्त्याकडे लांब पल्ल्याचे सायकलस्वार वळले. २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरची अंतरे नेमक्या वेळेत कापण्याची जी पद्धत फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली, ती पुण्यातही आता रुजली असून पंढरपूरपर्यंत सायकलवारीही निघू लागली आहे. मोटारीने टाकलेला रस्ता, किंवा मोटार अद्याप झोपेत असलेली वेळ, या दोन फटींत आजचा सायकलमार्ग सामावला आहे.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तिच्यासाठी रस्त्यांची डागडुजी करण्यात आली व शर्यतीच्या वेळी इतर वाहतूक थांबविण्यात आली. सायकलीसाठी रस्ता नीट करण्याचा हा या परिसरातील अत्यंत विरळा प्रसंग होय. त्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण पाच दिवसांचा मान हा हक्क नव्हे.

या साऱ्याचा निष्कर्ष असा. रस्त्याच्या इतिहासात केवळ वापर पुरेसा ठरत नाही. तो वापर कोठे तरी लिहिला जावा लागतो — कायद्यात, दप्तरात अथवा रस्त्याच्या आखणीत. पुण्याच्या सायकलीबाबत तो काही काळ पितळेच्या एका बिल्ल्यावर लिहिला गेला होता. भोसरी किंवा चाकणच्या दिशेने आजही पहाटे कोणी सुरक्षारक्षक, कोणी हंगामी कामगार, डबा अडकविलेली सायकल रस्त्याच्या मातीच्या कडेने हाकीत जाताना दिसतो. घाटांत सरावाला जाणाऱ्यांची नोंद आता शर्यतींच्या निकालपत्रांत होते. या माणसाच्या सायकलीला बिल्ला नाही आणि त्याच्या वाटेला नाव नाही. पुणे परिसराच्या सायकलमार्गांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याची सुरुवात या वाटेपासून करणे न्याय्य होईल.